भामाबाईंचं बीपी

भूल देणं हे माझ्या कामातलं सगळ्यात लहान काम. ते काही मिनिटांत उरकतं. त्यानंतर ऑपरेशन संपेपर्यंत मी जे करते, त्याला लोकांकडे नावच नाही. नेवाशाच्या एका बँक मॅनेजरांनी हर्नियाच्या ऑपरेशनआधी मला फार अदबीनं विचारलं होतं, "मॅडम, इंजेक्शन दिल्यावर तुम्ही लगेच निघता, की थांबता?"

"थांबते."

"म्हणजे आणखी एखादं इंजेक्शन लागलं तर?"

"नाही, तुमचं बीपी सांभाळायला."

"माझं बीपी नॉर्मल आहे," ते जरा दुखावून म्हणाले. "कालच मोजलंय."

टेबलावर आडवं होता होता त्यांचं ते नॉर्मल बीपी एकशे ऐंशीवर गेलं. माझ्या तोंडावरचा मास्क आणि हातातली सुई पाहून भल्याभल्यांचं जातं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, शाखेत गर्दी कधी असते वगैरे विचारलं, आणि ते बोलायला लागल्यावर आकडा आपोआप उतरला. त्या दिवशीचं माझं पहिलं औषध ते होतं.

तीस वर्षांहून जास्त काळ मी नगर जिल्ह्यात भूलतज्ज्ञ म्हणून फिरले. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, माझ्या तोंडी अजून नगरच येतं, समजून घ्यावं. तालुक्याच्या गावांतल्या लहान हॉस्पिटलांमध्ये कायमचा भूलतज्ज्ञ नसतो. ते फोन करतात आणि आम्ही डिकीत आपलं सामान घालून निघतो. सकाळी पाथर्डी, दुपारी नेवासा, तेवढ्यात मिरजगावकडून फोन. माझी गाडी पाहिली की हॉस्पिटलाबाहेरचा चहावाला सांगायचा, "आता घेतील बरं का पेशंट आत, भूलवाल्या बाई आल्या." ही ओळख मला आवडायची.

बीपी सांभाळणं म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

तुम्ही खाटेवरून उठून उभे राहता, तेव्हा अंगातलं रक्त पायांकडे धावायला हवं आणि तुम्हाला चक्कर यायला हवी. तसं होत नाही, कारण तुमच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत स्नायू असतात आणि ते त्याच क्षणी आवळले जातात. त्यांना आवळायचा हुकूम देणारे बरेच जण आहेत. मज्जातंतूंच्या टोकांतून आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिनच्या घराण्यातली रसायनं सुटतात. मूत्रपिंडं स्वतः दाब तपासत असतात. तो कमी वाटला की ती एक साखळी सुरू करतात, आणि तिच्या शेवटी अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते वाहिन्या आवळतं आणि मीठ धरून ठेवायला सांगतं. मेंदूतून आणखी एक संप्रेरक येतं, ते पाणी राखतं. ही सगळी मंडळी तुम्ही जेवत असता, भांडत असता, झोपलेले असता, तेव्हाही काम करत असतात. माझं भुलीचं औषध त्यांतल्या काहींना झोपवतं. मग त्यांची ड्यूटी मला करावी लागते.

बीपीच्या गोळ्याही याच मंडळींना आवरतात. एक प्रकारची गोळी लघवीवाटे मीठ-पाणी काढते. दुसरी हृदयापाशी अ‍ॅड्रिनलिनला अडवते. तिसरी वाहिन्यांचे स्नायू सैल करते. आणि चौथी, आज खेड्यापाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारी, अँजिओटेन्सिनचं चालू देत नाही. गोळी चांगलीच आहे. पण ती घेतलेल्या माणसाला मी भूल दिली, तर दाब सावरणारे दोघे एकाच वेळी रजेवर जातात. म्हणून ऑपरेशनच्या आधी ही गोळी बंद ठेवायचा निरोप मी आवर्जून पाठवायची. दाब जास्त असेल तर मी उतरवीन, तो उतरवणं सोपं असतं. पडलेला उचलणं कठीण.

भामाबाई माझ्याकडे आल्या त्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडून. मिरजगावच्या पलीकडे एका वाडीवर त्यांचं घर. गोठ्यात पाय घसरून त्या नुसत्या बसल्या होत्या, पडल्याही नव्हत्या, तरी हाड मोडलं. दोनचार दिवस घरीच शेक-लेप झाले, मग मुलानं टेम्पोत गादी टाकून मिरजगावच्या हॉस्पिटलात आणलं. वय सत्तरीच्या आसपास, गोल भरलेला चेहरा, कपाळावर मोठं गोंदण. मुलगा टेम्पोवर ड्रायव्हर, तो आईला दाखल करून भाडं घेऊन पुढे गेला. सोबत राहिली ती सून, मनीषा.

मनीषा गावची आशा कार्यकर्ती. आशा म्हणजे सरकारी दवाखाना आणि घर यांच्यामधली बाई. गरोदर बायांना तपासणीला नेणं, लसींची आठवण करणं, बीपी-शुगरवाल्यांच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. मी सासूला प्रश्न विचारला की उत्तर मनीषाच द्यायची, आणि चोख द्यायची.

"बीपीची गोळी?"

"रोज सकाळी माझ्या हातानं देते, मॅडम. तुमचा निरोप आल्यापास्नं बंद ठिवली. आज बी दिली न्हाई."

"छान. आणखी काही आजार?"

"शुगर काठावर हाय. पन मॅडम, एक इचारू का? गोळी कदी चुकली न्हाई, जेवनात मीठ मी कमी केलं, तरी आत्यांचं बीपी काय खाली येत न्हाई. दोनदा डोस वाढवून आनला. गावातल्या सगळ्यांचं येतं, आमच्याच घरातलं न्हाई." तिला त्याची खरंच लाज वाटत होती.

मी बीपी मोजलं. एकशे आठ. गोळी बंद, हाड मोडलेलं, वेदना चाललेल्या, आणि एरवी दोन डोस वाढवूनही न उतरणारं बीपी आज एकशे आठ. मला ते खटकलं. पोटात अन्न नाही, उलट्या होतायत, रक्तात मीठ थोडं कमी, असं रिपोर्टवर आणि बोलण्यात दिसत होतं. म्हातारी माणसं दुखण्यानं खात-पीत नाहीत, सुकतात, तेव्हा दाब कमी असू शकतो. मी सलाईन वाढवलं आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"दुसरं काही औषध? वाताचं, गुडघ्याचं, झाडपाल्याचं, बाजारातलं?"

मनीषा हसली. "आमच्या घरात? आवो, मी गावभर तेच बंद करा म्हनून सांगत फिरते."

मी भामाबाईंकडे पाहिलं, तर म्हणाल्या, "सूनबाई सांगती त्येच."

हाडांचे डॉक्टर गायकवाड माझे जुने सहकारी. शांत माणूस, हात भरभर चालणारा. सलाईन चढल्यावर दाब थोडा सुधारला, तेव्हा आम्ही केस घेतली. मोडलेलं हाड तसंच ठेवलं तर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं आणि छातीत कफ भरून जातं, त्यामुळे फार थांबण्यातही धोका होता.

पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा होता. अशा भुलीत पेशंट जागा असतो. मधे हिरवा पडदा लावतात. पलीकडे डॉक्टर, अलीकडे पेशंटचं डोकं आणि डोक्याशी स्टुलावर मी. इंजेक्शन मी बेतानं, कमी मात्रेत दिलं. भामाबाईंनी मान वळवून विचारलं, "तुमी हितंच बसनार का?"

"हो, शेवटपर्यंत."

"मंग बरं."

डॉक्टर गायकवाडांनी काम सुरू केलं. मशीननं बीपी मोजलं, नव्वद. हे अपेक्षित होतं. मणक्यातल्या भुलीनं पायांच्या वाहिन्यांना हुकूम देणाऱ्या नसाही बधिर होतात, वाहिन्या सैल पडतात. नातेवाइकांना मी हे विहिरीवरच्या मोटारीच्या भाषेत सांगते: मोटार तीच, पाणी तेवढंच, पण पाइप एकदम रुंद झाला तर धार पडते. त्यावर औषधं आहेत. मी वाहिन्या आवळणारं इंजेक्शन थोडं दिलं. दाब चढला आणि लगेच उतरला. परत दिलं. परत तेच. आता ऐंशी.

"भामाबाई, कसं वाटतंय?"

"मळमळतंय बाई. डोळ्याम्होरं अंदारी येती."

दुसरं औषध काढलं, अधिक नेमकं, थेट वाहिनीच्या स्नायूला धरणारं. आकडा काही हलला नाही. मग मी नॉरअ‍ॅड्रिनलिनची धार सुरू केली. हे शरीराचंच संप्रेरक, बाटलीत भरलेलं. रक्तवाहिन्यांना याच्याहून स्पष्ट हुकूम क्वचितच दुसरा असतो. आम्ही ते फार जपून देतो, कारण थोडंसं जास्त झालं तरी दाब उसळतो. मी थोडं दिलं, वाढवलं, पुन्हा वाढवलं. एरवी दांडग्या पैलवानाचं बीपी आभाळाला भिडलं असतं एवढं औषध त्या म्हातारीच्या शिरेत चाललं होतं, आणि मशीन दाखवत होतं अडुसष्ट.

"डॉक्टर, जरा हात थांबवा," मी पडद्यापलीकडे सांगितलं.

"माझ्याकडे रक्त गेलेलं नाही मॅडम," गायकवाड म्हणाले. "अगदी कोरडं फील्ड आहे. हार्ट?"

मी तेच पाहत होते. हृदयाचा आलेख व्यवस्थित, ठोके जलद पण एकसारखे. प्राणवायूचं प्रमाण छान, म्हणजे फुप्फुसात गुठळी जाऊन बसली असण्याची शक्यता कमी. भूल छातीपर्यंत चढली का ते पाहिलं, नव्हती चढली. मोटार ठीक, पाणी ठीक, कुठे गळती नाही. वाहिन्यांना हुकूम मिळत होता आणि त्या तो ऐकत नव्हत्या.

मी सिस्टरना सुनेकडून गोळीची खात्री करून घ्यायला बाहेर पाठवलं. त्या परत आल्या. "सून शपथेवर सांगतेय, बीपीची गोळी दोन दिवस दिलेली नाही."

तेवढ्यात सलाईन नीट लागलंय का पाहायला मी भामाबाईंचा हात उचलला. सकाळी पेशंटला स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना सिस्टरनी जिथे धरलं होतं, तिथे बोटांच्या आकाराचे जांभळे डाग उठले होते. कातडी पतंगाच्या कागदासारखी. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. गोल, भरलेलं, गालांवर तुकतुकी. आणि हात-पाय मात्र काटकुळे.

चेहरा असा, कातडी अशी, हाड नुसतं बसल्यानं मोडलेलं, शुगर काठावर, गोळ्यांना न जुमानणारं बीपी. आणि आज अचानक हे. मला जे वाटलं ते एकाच माणसाला विचारून पक्कं करता येणार होतं, आणि ते माणूस माझ्यासमोर अर्धवट डोळे मिटून पडलं होतं.

"सिस्टर, हायड्रोकॉर्टिसोन भरा," मी म्हटलं आणि त्यांच्या कानाशी वाकले. "भामाबाई, गुडघ्यांसाठी काय घेत होता?"

"काय बी न्हाई."

"बाई, मनीषा बाहेर आहे. दार बंद आहे. पडद्याच्या अलीकडे मी एकटी आहे."

त्यांचे ओठ हलले. मला ऐकू येईना, मी आणखी वाकले.

"वाताची पुडी," त्या म्हणाल्या. "बाजारात मिळती, औषदं इकनाऱ्या जीपवाल्याकडं. सुनेला सांगू नका."

"नाही सांगत. रोज घ्यायचा?"

"रोज. हाड मोडल्यापास्नं बंद हाय. बाजारालाच जाता आलं न्हाई."

सिस्टरनी सिरिंज हातात दिली. मी ते इंजेक्शन शिरेत सोडलं, आणि ते कशासाठी होतं ते आता सांगते.

मघाशी मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथी सांगितल्या, त्यांच्यातूनच कॉर्टिसॉल नावाचं आणखी एक संप्रेरक रोज थोडं थोडं रक्तात येतं; हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे तेच, बाटलीतलं. ते स्वतः बीपी फारसं हलवत नाही. पण ते असल्याशिवाय रक्तवाहिन्या बाकीच्यांचे हुकूम मानत नाहीत. अंगावर संकट आलं, ताप, अपघात, ऑपरेशन, की ग्रंथी ते कितीतरी जास्त सोडतात. बाजारातल्या त्या पुडीत वाताचं औषध म्हणून याच जातीचं स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. त्यानं दुखणं पळतं, भूक लागते, तोंड भरतं, शेजारणी म्हणतात तब्येत सुधारली. आतल्या आत हाडं ठिसूळ होतात, शुगर चढते, अंगात मीठ-पाणी साठून बीपी वाढतं. म्हणजे मनीषा रोज सकाळी आपल्या हातानं जे बीपी उतरवत होती, ते सासूबाई चोरून चढवत होत्या. आणि सगळ्यात वाईट भाग हा, की बाहेरून एवढा माल येतोय म्हटल्यावर शरीराच्या ग्रंथी आपलं काम बंद करतात. मग एक दिवस पुडी थांबते, आणि ग्रंथींना काम आठवत नाही.

भामाबाईंच्या अंगात त्या क्षणी ते संप्रेरक जवळजवळ नव्हतंच. माझं नॉरअ‍ॅड्रिनलिन दार ठोठावत राहिलं आणि आत कुणी नव्हतं.

इंजेक्शननंतर लगेच काही घडलं नाही. सिनेमात घडतं तसं घडत नाही. मी सलाईन जोरात सोडलं, साखर तपासली, तीही उतरली होती, ती भरून काढली. मशीननं पट्टा फुगवला, सोडला. एकाहत्तर. पुन्हा. चौऱ्याहत्तर. गायकवाड हात बांधून उभे होते, एकदाही घाई केली नाही; त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. ब्याऐंशी. मग पुढच्या वेळी चौऱ्याण्णव, आणि मी नॉरअ‍ॅड्रिनलिनची धार पहिल्यांदा थोडी कमी केली. कमी करूनही आकडा टिकला. आणखी कमी केली. एकशे दोन. वाहिन्या ऐकायला लागल्या होत्या.

भामाबाईंनी डोळे उघडले. "तुमी हायेत न्हवं अजून?"

"आहे."

"अंदारी गेली."

"डॉक्टर, चालू द्या," मी म्हटलं. गायकवाडांनी हाड बसवलं, रॉड घातला, टाके घातले. शेवटच्या टाक्यापर्यंत धार जवळपास बंद झाली होती. मी स्टुलावरून उठले तेव्हा माझ्या पाठीला घामानं कपडे चिकटले होते. इतकी वर्षं काम केलं, पुष्कळ केसेस सुखरूप बाहेर आणल्या, पण स्वतःची पाठ मनातल्या मनात थोपटावी असा तो एक दिवस होता. ती मी थोपटली. दुसरं कोण थोपटणार होतं? बाहेर मनीषा गायकवाडांच्या पाया पडत होती.

आता अडचण माझी होती. मी शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गाडी वळवून गेले. भामाबाई उशीला टेकून चहा पीत होत्या. मनीषा औषधं आणायला खाली गेली होती.

"भामाबाई, मी मनीषाला सांगितलेलं नाही. पण सांगावं लागेल. तुमच्या अंगातल्या ग्रंथी झोपल्यात. त्या जाग्या होईपर्यंत पुडीतल्याच औषधाची गोळी तुम्हाला मोजून-मापून द्यावी लागणार, आणि महिन्यामहिन्यानं कमी करत न्यावी लागणार. एक दिवस चुकली तरी परत कालच्यासारखं होईल. ही गोळी घरी कोण देणार?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तीच."

"मग?"

त्या पांघरुणाची शिवण चाचपू लागल्या. "बाई, गुडगं लई दुखायचं. चुलीम्होरं बसलं की उठता येईना. ती सकाळच्या पारी गावात जाती, कुनाच्या बाळाला डोस, कुनाला दवाखान्यात. घरात दोन लेकरं, जनावरं, सैपाक. मी बसून ऱ्हायले तर तिला घरीच बसावं लागंल. लोक तिला आता ताई म्हनत्यात, सरपंच बी इचारून करतो. म्हनलं, माजे पाय चालले पायजेत. एक पुडी घेतली का दिसभर पाय चालायचे. आन् पुडी घेते म्हनून सांगू कुनाला? तिलाच? ती गावाला नगं म्हनती ती पुडी?"

मी इतकी वर्षं माणसांच्या आतल्या संप्रेरकांचा हिशेब मांडत आले. या बाईनं आपलं दुखणं सुनेच्या कामासाठी दाबून ठेवलं होतं, आणि त्याचा आकडा माझ्या कुठल्याच मशीनवर आला नव्हता.

"तुम्हीच सांगा तिला," मी म्हटलं. "मी बसते इथे."

मनीषा पिशवी घेऊन वर आली. भामाबाईंनी तिला खाटेवर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. जीपवाला, पुडी, किती दिवस, सगळं. कशासाठी ते मात्र सांगेनात. ते मी सांगितलं; त्याबद्दल मी काही शब्द दिला नव्हता.

मनीषा आधी चिडली, आणि चांगली चिडली. "मी गावाला अक्कल शिकवत हुते, आन् माज्याच चुलीपाशी पुडी! आत्या, मेला असता तुमी काल!" मग ती उठून बाहेर गेली. मी जिन्यात गेले तर ती पायरीवर बसली होती.

"मॅडम, मी रोज त्यांच्या हातात गोळी दिली. पानी दिलं. ती गिळूस्तोर उबी ऱ्हायले. पन गुडगं दुखतंय का, हे येकदा बी इचारलं न्हाई. बीपी मोजलं फकस्त."

मी म्हटलं, "काल सकाळी तू बीपीची गोळी दिली असतीस, तर मी त्यांना वर आणू शकले असते की नाही, मला सांगता येत नाही. तू निरोप पाळलास." हे मी तिचं मन राखायला म्हटलं नव्हतं. तेच खरं होतं.

पुढचे काही महिने फिजिशियननी स्टेरॉइडची गोळी हळूहळू उतरवत नेली. मनीषानं एक दिवस चुकवला नाही. भामाबाईंच्या चेहऱ्याचा फुगीरपणा उतरला, बीपीच्या गोळीचा वाढवलेला डोस परत कमी झाला, शुगर काठावरून मागे सरकली. हे सगळं छान झालं. पण एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही: गुडघेदुखी परत आली, आणि तिच्यावर आमच्याकडे त्या पुडीइतकं झटपट काही नव्हतं. व्यायाम, शेक, साधी वेदनाशामक गोळी, हातात काठी. भामाबाई पुन्हा गोठ्यात गेल्या नाहीत. त्यांनी मला एकदा स्पष्ट ऐकवलंही, "हाड जोडलं बाई तुमी, पन पाय न्हाई दिलं." मी ते ऐकून घेतलं. घरचं काम आता मनीषाचा नवरा सकाळी टेम्पो काढण्याआधी थोडं करतो म्हणे. आधी करत नव्हता.

मग एक दिवस मनीषाचा फोन आला. "मॅडम, गावात याल का? बायांसमोर बोलायचंय. आत्यांचं मी सगळ्यांना सांगितलं. लपवलं तर माज्या बोलन्याला काय किंमत ऱ्हानार? पन मी पुडीचं नाव काढलं का समद्या गप बसत्यात."

मी आयुष्यभर एका वेळी एकाच माणसाशी बोललेली बाई. त्यातही ते माणूस बहुतेकदा झोपलेलं. तरी गेले. अंगणवाडीच्या खोलीत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, भामाबाई पुढे खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी. मी मोटार आणि पाइप सांगितला, ग्रंथी सांगितल्या, पुडी एकदम बंद करणं ती घेण्याहूनही धोक्याचं कसं ते दोनदा सांगितलं. बायांनी मन लावून ऐकलं. शेवटी विचारलं, "तुमच्यापैकी कोण घेतं अशी पुडी?"

कुणी हललं नाही. एकीनं पदर तोंडाला लावला.

भामाबाईंनी काठी आपटली. "आवो बाई, असं इचारल्यावर कोन सांगल? सासवा हितंच, सुना बी हितंच. त्या आतल्या खोलीत जावा तुमी, आन् एकेकीला पाठवा."

खिचडीचं धान्य ठेवतात त्या आतल्या लहान खोलीत माझ्यासाठी स्टूल टाकलं. बाया एकेक करून आल्या. काही नुसत्या बीपी मोजून घ्यायला आल्या. काहींनी दार लोटून घेतलं आणि कमरेच्या पिशवीतून पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. एक जण नवऱ्यासाठी विचारायला आली होती. एकीनं दोन पुड्या दाखवल्या आणि म्हणाली, "ही माजी. आन् ही सासूची. तिला वाटतं मला ठावं न्हाई." मी प्रत्येकीला तेच सांगितलं: टाकून देऊ नका, थांबवू नका, आधी फिजिशियनला भेटा.

खोलीचं दार उघडलं की बाहेर मनीषा उभी दिसायची. ती रांग लावत होती, पण दाराकडे पाठ करून. कोण आत गेलं, कोण किती वेळ थांबलं, कुणाचे डोळे पुसलेले होते, हे तिला दिसू नये म्हणून.

निघताना मी तिला म्हटलं, "यांतल्या काही जणींवर लक्ष ठेवावं लागेल. नावं सांगू?"

"नगं मॅडम. तुमी मला सांगितलं का पुना कुनी तोंड उगडनार न्हाई. ज्यांना सांगायचंय त्या येतील माज्याकडं."

मला ते तितकंसं पटलं नव्हतं. डॉक्टर माणूस, मला यादी हवी असते. पण ती गावात राहते, मी गाडीतून येते-जाते. मी नावं सांगितली नाहीत.

आठवड्याभरानं तिचा फोन आला. "मॅडम, बाया यायला लागल्या. पुढच्या सोमवारी जीप करून दवाखान्यात आनते त्यांना."

"किती जणी?"

मागून भामाबाईंचा खणखणीत आवाज आला, "आगं, कोन कोन हायेत ते तरी सांग की मला!"

"ते न्हाई सांगायचं, आत्या," मनीषा म्हणाली, आणि मला म्हणाली, "मोठी जीप लागंल, मॅडम."